रोहिणखेडला पोचवलेला जवाब

मामांचा नवा अल्बम मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो दुसऱ्याच माणसाच्या ओठांकडे बघत. गाणी कानांनी ऐकायची असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या दुपारी माझ्यावर कामगिरीच तशी सोपवलेली होती.

मामा म्हणजे माझे एकट्याचे नव्हेत, अख्ख्या मोताळा तालुक्याचे. गायन पार्टीत डफ-ढोलकीच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटार उभी करणारा आमच्याकडचा पहिला माणूस. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची आणि मंडपातल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले की आवाज आणखी वाढवायचा. तरुणपणी मी त्यांच्या मागे ढोलकीवर असे आणि झीलही धरत असे. म्हणजे मामांनी ओळ टाकली की ती उचलून पुन्हा म्हणायची.

सत्तरी ओलांडल्यावर, मधली कितीतरी वर्षं गप्प बसून, मामांनी मलकापूरला एका दुकानाच्या माडीवर हा अल्बम रेकॉर्ड केला. तो जगाला ऐकवण्याआधी त्यांना एकाच माणसाला ऐकवायचा होता. रोहिणखेडचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, आणि मुकाबल्यातले मामांचे जुने वैरी.

मुकाबल्यात एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते आणि दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब पटला, तर सवाल टाकणाऱ्याने जवाबवाल्याच्या मागे झील धरायची. नाही पटला, तर ओठ मिटून बसायचं. दुसरी पावती नाही. अशाच एका मुकाबल्यात मास्तरांनी, गिटार धरली म्हणजे गाव सोडलं, असा मामांना टोमणा मारत सवाल टाकला होता, की गाव सोडून गेलेल्याची सावली कोणत्या अंगणात पडते? मामांना जवाब सुचला नाही. ते भर मंडपात खाली बसले. तो जवाब आता अल्बमच्या शेवटच्या गाण्यात होता.

"स्पीकर घे अन् जाय," मामा मला म्हणाले. "तोंड पाह्यजो त्याचं. झील धरली त मी सुटलो. गिटार पेटीत ठेवतो, कायमची."

"अन् नाही धरली त?"

"त मंग अजून अडकलोच."

मी गेलो. मास्तर ओसरीवर बाजेवर बसलेले. मला बघून म्हणाले, "काऊन बे, गिटारवाल्याले सोता याले लाज वाटली का?"

"ते जवाब पाठवून राह्यले, मास्तर."

"इतक्या वर्षानं? लाव. पाहू."

पहिलं गाणं सुरू झालं. मामांचा आवाज पार उतरला होता. पूर्वी वरच्या सुरावर झडप घालणारा हा माणूस आता खालीच उभा राहत होता आणि वर गिटारीला पाठवत होता. मधे श्वास ऐकू येत होता. मास्तर भिंतीकडे बघत होते.

"आवाज गेला त्याचा," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "आता कुठं गायाले लागला."

मी मान वर केली.

पुढचं गाणं आठवडी बाजार उठल्यानंतरच्या मैदानाचं. त्यात माणूस एकही नाही. चिरडलेली कोथिंबीर, उडत गेलेली पिशवी, तराजूच्या जागी उरलेला खड्डा. मधेच आगगाडीची शिट्टी वाजते. माडीच्या खिडकीतून ती रेकॉर्डिंगमधे शिरली आणि मामांनी ती काढू दिली नाही. उलट पुढची ओळ तिच्याच सुरात उचलली. मास्तरांनी बोट वर केलं. "मागं घे." मी मागे घेतलं. शिट्टी पुन्हा वाजली. "चोर आहे बुढा," ते पुटपुटले, आणि मला वाटलं, जिंकलो.

तिथेच माझी जीभ घसरली. मला नाटकाची हौस. शेवटच्या गाण्याआधी स्पीकर बंद करून, एक पाय ओसरीच्या पायरीवर ठेवून मी जाहीर केलं, "मास्तर, आता नीट ऐकजा. तुमी झील धरली की मामा गिटार पेटीत ठेवनार हायेत. कायमची."

मास्तरांनी नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "असं म्हनला का तो? लाव."

शेवटच्या गाण्यात गिटार नव्हतीच. एकटा डफ, आणि मामा.

सावली कुठं गेली बापा, गेला तो माणूस नुसता,
माय अंगण झाडते तिले वळसा घालता घालता.

आणि पुढे आवाज बंद. फक्त डफाचा ठेका. झिलीची जागा मामांनी मोकळी सोडली होती. माझ्या घशात ओळ येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, ती काय कोणाला विचारून येते? पण मी उचलली असती तर फैसलाच बाटला असता. मी रुमाल दातांत धरला आणि मास्तरांकडे बघितलं.

त्यांची बोटं बाजेच्या लाकडावर अचूक ठेक्यात पडत होती. ओठ मात्र घट्ट. ओळ दुसऱ्यांदा आली, जागा पुन्हा मोकळी. मास्तरांच्या गळ्याची शीर फुगली. ओठ मिटलेलेच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडावर चक्क हात ठेवला. गाणं संपलं.

"नाही पटला," मास्तर म्हणाले.

"मंग डोये कायले पुसून राह्यले?"

"सून कांदा कापून राह्यली."

सून तर चहाचे कप घेऊन आमच्या समोरच उभी होती. ती पदरात तोंड लपवून आत पळाली.

"फोनमदे घे," मास्तर म्हणाले आणि खोकून, गळा साफ करून, फाटक्या आवाजात गायले. सावली अंगणात राह्यली, हे मानलं. मग तिला भूक लागली तर ताटात कोण वाढतं?

"मास्तर, तुमी आत्ताच 'मानलं' म्हनले."

"म्या काई म्हनलं नाही. चहा पे अन् जाय."

मोताळ्याला परतलो तेव्हा मामा दारातच उभे होते. आत टेबलावर गिटार पुसून ठेवलेली. खाली तिची पेटी, झाकण उघडं.

"धरली?"

"नाही, मामा."

मामा भिंतीला धरून खाली बसले. मंडपात बसले होते तसेच. मी फोन काढून मास्तरांचा सवाल लावला. मामांनी तो ऐकला. 'मानलं' आलं तिथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा लाव, अशी खूण केली. तिसऱ्या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर हलू लागली.

"तू त्याले पेटीचं सांगतलं होतं का बे?"

"हाव," मी म्हणालो. "थोडंसं."

मामा उठले, पेटीचं झाकण पायाने लोटलं आणि पेटी बाजेखाली सरकवली.

"मलकापूरवाल्याले फोन लाव," ते म्हणाले. "माडी कदी रिकामी हाये, इचार."