कुंपणमामांनी दिलेली जागा

दिवाळी झाली की मामांचं कुंपण हातभर पुढं यायचं. धरणाखाली गाव गेल्यावर त्यांना रामनगरात हमरस्त्याला लागून जागा मिळाली होती आणि रस्त्याच्या बाजूला त्यांनी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. दरवर्षी ते काटे बदलायचे. बदलताना नवे खुंट जुन्या भोकांत न रोवता थोडे पुढं रोवायचे. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "जुन्या भोकात खुंट ढिला बसतोय ओ." या शास्त्रीय कारणाने त्यांच्या अंगणात आधी एक सरकारी जास्वंद आली आणि मग टेलिफोनचा खांब. खांबाला दोरी बांधून मामी कपडे वाळत घालत. सगळा बाजार त्यांना कुंपणमामा म्हणे. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

ते माझ्या आईचे चुलत भाऊ. आमचं घर कुंभारवाड्याकडे रानात. बेळगावच्या कॉलेजला जाता-येता रामनगरात पुढची बस चुकली की मी त्यांच्याकडे उतरायचो, आणि बस नेहमी चुकायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मामा येईल त्याला सांगत, "आमचा भाचा, इंजिनिअर हाय." मी बी.एस्सी. करत होतो. एकदा मी भीत भीत तसं सांगितलं तर म्हणाले, "गप र तम्मा. ऐकणाऱ्याला तेवढंच कळतंय."

मामांजवळ लॅपटॉप होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बेळगावातल्या आमच्या प्राध्यापकांकडेही तो नव्हता. बोटीवर नोकरीला असलेल्या जावयाने मुलीचं लग्न ठरलं तेव्हाच आपला वापरलेला आणून दिला होता. मामा तो मामींच्या जुन्या शालूच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. दसऱ्याला कोयत्याशेजारी त्याची पूजा होई, आणि पूजेतलं कुंकू वर्षभर अक्षरांच्या फटींतून निघत राही.

त्या लॅपटॉपवर मामा लग्नपत्रिका करत. नमुना एकच: वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर. पण प्रत्येक पत्रिकेसाठी गणपतीचं तेच भलंमोठं चित्र ते नव्याने साठवत. एकच चित्र सगळीकडे चालेल, असं मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "एका गणपतीवर किती लग्नं लावायची?" झालेल्या लग्नाची पत्रिका ते कधी पुसतही नसत. त्यामुळे डिस्कवर विंडोजपेक्षा गणपतीच जास्त झाले होते.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट विंडोजऐवजी लिनक्सवर करायचा होता. कॉलेजात मशीन थोडी आणि घरी कॉम्प्युटर असलेली शहरातली मुलंच त्यांच्यापुढे बसलेली. मला सरका म्हणायचा धीर होत नसे. वर्ष गेलं असतं तर मला पुन्हा कॉलेजला पाठवण्याइतकी घरात कुणाची उमेद नव्हती. वडिलांनी गणेशगुडीला कुठं काम मिळतंय का, याची चौकशीही करून ठेवली होती. शेवटी मी मामांना विचारलं. विंडोज आहे तसंच राहील, फक्त डिस्कचा एक भाग मला द्या.

मामा खूश झाले. जागा हा त्यांचा विषय होता.

"किती पायजे तुझ्या लिनक्सला?"

"निम्मी तरी लागेल, मामा."

"निम्मी? खुळा हायस काय? नव्या माणसानं आल्या आल्या निम्मं मागायचं नसतंय. लोक सावध होतात. तीनशे एमबी घे, मुकाट बस. मग सावकाश सरकव."

"हे तसं नाही सरकत. पलीकडची जागा रिकामी असावी लागते."

"रिकामी असली तर कोण बी सरकवंल. कुंपणातलं तू मला शिकवणार व्हय?"

मी तीनशेतच लिनक्स कसंबसं बसवलं. प्रोजेक्टला लागणारं बाकीचं घालायला गेलो तेव्हा जागा संपली. सोमवारी सरांना चालवून दाखवायचं होतं.

"सरकव," मामा म्हणाले. एका मित्राकडून मी डिस्कचे भाग लहानमोठे करणारा प्रोग्रॅम आणला होता. त्यात दोन भागांमधली रेघ माउसने ओढता यायची. ती पाहून मामांचे डोळे लकाकले. "आरं, काटा न्हाई, खुंट न्हाई, भांडायला शेजारी न्हाई!" त्यांनी स्वतः रेघ ओढली. ती बोटभर गेली आणि अडली. "दगड लागला," मामा म्हणाले. दगड म्हणजे त्यांच्याच पत्रिका.

मी चाचरत म्हणालो, "मामा, लग्नं झालेल्यांच्या पत्रिका पुसल्या तर..."

त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढून उचलून घेतला. "लोकांचे संसार पुसतोस? गणपतीसकट?"

चुलीपासून मामींचा आवाज आला, "पोराचं वर्ष जातंय आणि ह्यास्नी गणपती आठवतोय. सरकारचा खांब आत घेताना न्हाई आठवला कुठला देव."

मामांनी लॅपटॉप शालूच्या तुकड्यात गुंडाळला आणि काखेत मारून ते आत गेले.

सकाळी उठलो तर लॅपटॉप टेबलावर उघडा होता. शालूचा तुकडा मामांच्या खांद्यावर होता, आणि ती रेघ बरोबर मधोमध आली होती.

"मामा, सगळ्या पुसल्या?"

"सगळ्या कशाला? ज्यांनी जेवायला बोलावलं न्हाई, त्यांच्या आधी. मग रोज भांडणाऱ्यांच्या. ते संसार तसे बी मोडल्यात जमा."

मी उरलेल्या पत्रिका पाहिल्या. त्यांत सगळ्यात मोठी, चार मोरांची पत्रिका दिसली नाही. ती त्यांच्या मुलीची होती.

"ती बी पुसली," मामा दुसरीकडे बघत म्हणाले. "तिचं चांगलं चाललंय. तिला मोरांचा टेकू नको."

मी पास झालो. प्रोजेक्ट मामांनीच केला, हे आठ दिवसांत सगळ्या बाजाराला कळलं. "जागा माझी, मग पीक कुणाचं?" असं ते चहाच्या गाड्यावर विचारत. कुणी जुनी पत्रिका मागायला आलं तर, "बेळगावचा व्हायरस आला, सगळं खाऊन गेला," म्हणून माझ्याकडे बोट दाखवत.

मला बेळगावात नोकरी लागली. पुढच्याच वर्षी रस्ता रुंद करायला माणसं टेप घेऊन आली. त्यांनी मामांच्या अंगणाचं माप घेतलं आणि काटे, जास्वंद, सगळं एका सकाळीत काढलं. टेलिफोनचा खांब पुन्हा सरकारजमा झाला. मी गेलो तेव्हा मामा पायरीवर बसून पत्रिका करत होते. तिच्यावर गणपती नव्हता, मोरही नव्हते. डिस्क पुन्हा भरली होती.

मी म्हणालो, "मामा, माझा भाग आता पुसून टाका. मला लागत नाही. तुम्हाला जागा होईल."

त्यांनी समोर पाहिलं. उपटलेल्या खुंटांची भोकं रस्त्यापर्यंत गेली होती, एका वर्षाची एक ओळ.

"ती मी धरलेली जागा, ती गेली," मामा म्हणाले. "तुझी मी दिलेली हाय. तिला हात लावायचा न्हाई."