आबांची जर्मन

आमच्या माकणीत आबांच्या गाडीला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. ते नाव घेताना जीभ अडखळायची म्हणून म्हणा, किंवा त्या गाडीचं कौतुक ऐकून सगळ्यांचे कान किटले होते म्हणून म्हणा, लोक तिला नुसतं ‘जर्मन’ म्हणायचे. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही जर्मनच म्हणतात. त्यामुळं शेजारच्या काकू आबांना चिडवायच्या, की तुमच्यापेक्षा आमच्या फडताळात जास्त जर्मन हाय. आबा हसायचे. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण या विषयावर ते कधी चिडले नाहीत. आपलं म्हणणं खरं आहे अशी त्यांची पक्की खात्री होती.

मागच्या महिन्यात ती गाडी गेली. गोठ्याशेजारी पत्र्याखाली तिची जागा रिकामी आहे आणि आबा त्या बाजूला बघत नाहीत. मी दर शनिवारी धाराशिवहून येते, तेव्हा मीही बघत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरकीत गेली. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, थोडीफार जनावरंही बाळगायचे, आणि बाजारात जनावर विकताना त्याची खोड आधी सांगायचे. गाय लाथ मारत असेल तर लाथ मारते, बैल उन्हात बसत असेल तर बसतो, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून मगच दावं त्याच्या हातात द्यायचे. आबांनी मेंढरं सोडली, पण ही रीत सोडली नाही. घरातली जुनी सायकल विकली तेव्हासुद्धा घेणाऱ्याला त्यांनी तिचा ब्रेक लागत नाही हे इतक्या वेळा सांगितलं, की तो बिचारा परत जायला निघाला होता.

या जर्मन वेडाचं मूळ भूकंपात आहे. मी तेव्हा लहान होते. भूकंप झाला, त्यावर पाऊस लागला, आणि काळ्या रानातले रस्ते म्हणजे नुसता चिखल-गारा झाला. आबांना जखमी माणसं वाहून न्यायच्या कामावर लावलं होतं. एका ओढ्याजवळ त्यांची गाडी चिखलात अशी रुतली की मागंही येईना आणि पुढंही जाईना. आत माणसं कण्हत होती. तेवढ्यात मदतीला आलेल्या परदेशी लोकांची एक जर्मन व्हॅन आली, त्या चिखलातून सरळ गेली, वळून परत आली, आणि खेपा करून तिनं आबांच्या गाडीतली सगळी माणसं दवाखान्यात पोचवली. शेवटच्या खेपेला तिच्या गोऱ्या ड्रायव्हरनं आबांना खुणेनं शेजारी बसवलं आणि परत येताना स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं. आबा म्हणायचे, “चिखलात चाललीया का डांबरावर, कळतच नव्हतं बघ.” हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणतीच नाही.

पुढं मी इतिहास शिकले, धाराशिवच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. मग आबांनी मला कामालाच जुंपलं. त्या कंपनीबद्दल जिथं जे छापून येईल ते त्यांना वाचून दाखवायचं. लढाईत बॉम्ब पडून कारखान्याचं छप्पर गेलं, लढाई संपल्यावर कामगार परत आले, मोडक्या भिंतींतच त्यांनी पुन्हा गाड्या जुळवायला सुरुवात केली, हा भाग त्यांचा सगळ्यात आवडता. आमची सगळी पंचक्रोशी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली. पारावर बसून आबा सांगायचे, ती माणसं पण आपल्यासारखीच पत्र्यात राहिली आणि तिथनं जगाला गाड्या दिल्या. जर्मन माणसं खरंच पत्र्यात राहिली का, हे मला माहीत नव्हतं. पण माकणीत ते पक्कं झालं होतं.

एकदा मला हे फार गोड व्हायला लागलंय असं वाटलं. शिकवणाऱ्या माणसाला खोड असते, ती मलाही आहे. मी त्यांना सांगितलं, की त्याच कारखान्यात लढाईच्या काळात धरून आणलेल्या माणसांना मारून मुटकून राबवलं होतं, कित्येक तिथंच मेली. आबांनी विचारलं, “नंतर कबूल केलं का त्यांनी?”

मी म्हटलं, उशिरानं केलं, पण केलं. स्वतःच इतिहासकार बसवून सगळं लिहून घेतलं.

“मग झालं,” आबा म्हणाले. “चूक कुणाच्या हातनं होत न्हाय? सांगितली म्हणजे माणूस सरळ.”

मला ते पटलं नव्हतं. इतक्या मेलेल्या माणसांचा हिशेब एवढ्या सोप्यात मिटत नाही. पण आबांचं सगळं मोजमाप या एका पट्टीवर चालायचं आणि त्या पट्टीवर कंपनी पास झाली. पुढं त्याच कंपनीनं डिझेलच्या धुराच्या तपासणीत लबाडी केल्याचं जगभर गाजलं. ती बातमी आबांच्या कानावर आली नाही आणि मलाही ती मुद्दाम उकरून काढावीशी वाटली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनीच, पण ठाकठीक अशी एक जर्मन घेतली. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ती पुण्याहून बघून आणली. तो तिकडंच नोकरीला आहे. पहिल्यांदा तुळजापूरला नेली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईनं स्टिअरिंगला हळदीकुंकू लावलं. आबांच्या अंगावर मी तेव्हा पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट बघितला. त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात नसेल.

गाडी मेली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं लोखंडाची पूजा असते. विळे, कुऱ्हाडी, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळं धुऊनपुसून झेंडूची फुलं घालतात. आगारात तर एसटीच्या गाड्या नव्या नवरीसारख्या सजायच्या, आणि आबांचा तिथला दंडकच होता, की बाहेरून कितीही चकचकीत करा, बॉनेट उघडून इंजिन धुतल्याशिवाय पूजा पूर्ण होत नाही. निवृत्त होऊन घरी आल्यावरही त्यांनी तेच केलं. मागच्या दोन-तीन वर्षांत बादलीनं भागवलं होतं. या वेळी शेजाऱ्याकडून फवारणीचा पंप आणला, ट्रॅक्टरला जोडला, जर्मनचं बॉनेट उघडलं आणि मनापासून धुतलं. आई सांगते, आत पाण्याचा लोंढा चालला होता आणि हे गाणं गुणगुणत होते. मग हार घातला, नारळ फोडला आणि धरणाच्या रस्त्यावर चक्कर मारायला निघाले. धरण यायच्या आधीच गाडी बंद पडली. ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणावी लागली.

उमरग्याच्या मिस्त्रीला काही सुधरलं नाही. दादा सुट्टी काढून आला, गाडी टेम्पोवर चढवून सोलापूरला घेऊन गेला. तिथल्या गॅरेजवाल्यांनी सरळ सांगितलं. या गाड्यांचं सगळं डोकं एका डब्यात असतं. जोराच्या पाण्यानं त्या डब्यात आणि वायरिंगमध्ये पाणी शिरलं आणि सगळं जळालं. दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी जुनी गाडी घेतलेली परवडेल. जुन्या एसटीत असला डबा नव्हता. तिचं इंजिन धुतलं तर उलट ते खूश व्हायचं.

गाडी घेऊन परत येताना दादानं रस्त्यातच ठरवलं, की हे आबांना सांगायचं नाही. त्यांच्याच हातानं गाडी मेली हे कळलं तर ते खचतील, असं त्याला वाटलं. ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, की डबा मुळातच खराब होता, कंपनीचीच खोट. आबांनी मान्य केलं नाही. जर्मन असं करत नाही, म्हणाले. तेव्हा दादानं मोबाईलवर त्या धुराच्या लबाडीचा एक मराठी व्हिडिओ काढला आणि त्यांच्यापुढं धरला. तपासणीच्या मशीनवर गाडी सज्जन, रस्त्यावर आली की धूर ओकणार, आणि हे सगळं कंपनीनं ठरवून, वर्षानुवर्षं. व्हिडिओत खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत.

आबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग एवढंच विचारलं, “आपणहून सांगितलं का त्यांनी?”

“न्हाय आबा. धरल्यावर सांगितलं,” दादा म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी मी आले तेव्हा गाडीच्या टपावर कोंबड्या बसल्या होत्या. आबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती गाडी पुसायचे, त्यांनी ते सोडून दिलं होतं. पारावर जात नव्हते. जेवणावरून भांडत नव्हते, पुढ्यात येईल ते खात होते. दादानं आईला एकटीला खरं सांगितलं होतं; तिनं मला चुलीपाशी बोलावून सगळी हकीकत सांगितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला फोन लावला आणि नको नको ते बोलले.

तो म्हणाला, “मग काय सांगू त्यांना? तुमच्या हातनं गेली म्हणून?”

होय, तेच सांगायचं होतं. चूक सांगितली म्हणजे माणूस सरळ, असं ज्यांनी आम्हाला वाढवताना शंभरदा ऐकवलं, त्यांना त्यांची स्वतःची चूक झेपली नसती असं याला वाटलंच कसं? आबांनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर हळहळले असते, आणि पुढं पारावर त्याचाही किस्सा करून सांगितला असता. पण दादाला दोष देऊन माझी आग शांत होत नव्हती. त्यानं ते मायेपोटीच केलं होतं.

मी आबांजवळ जाऊन बसले आणि सगळं खरं सांगितलं. पंप, पाणी, डबा, सोलापूरचे लोक काय म्हणाले ते. आबांनी नीट ऐकून घेतलं.

“माय,” ते म्हणाले, “तुला ल्हानपणापासनं कुणाचं मन मोडवत न्हाय.”

मी म्हटलं, आबा, खरंच सांगते. ते म्हणाले, “अगं, म्या उभी हयात इंजिनं धुतली. पाण्यानं गाडी मरत असती तर एसटी कवाच बंद पडली असती.” मी डब्याचं पुन्हा समजावलं. वर्गातल्या पोरांना समजावते तसं, कागदावर चित्र काढून. ते चित्राकडं बघत राहिले, पण त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं होतं. शेवटी मी दादाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. दादानं रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं. आबा ‘बरं, बरं’ म्हणाले, फोन माझ्याकडं दिला आणि हसले.

“त्याला बी पढवलंस व्हय?”

तिथून पुढं मी थकले. खरं सांगायला तोंड उघडलं की ते सांत्वनच वाटणार होतं. आम्ही सगळे त्यांच्या लेखी प्रेमळ आणि म्हणूनच अविश्वासू झालो होतो. याच्या आधी मला म्हातारपणाची भीती कधी वाटली नव्हती. तेव्हापासून वाटते. माणसाला जपायच्या नादात आपण त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो आणि पुन्हा ठेवू म्हटलं तरी ती जागेवर बसत नाही.

हे एका गाडीपाशी थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी आई पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांचं काही सांगत होती, तेव्हा आबा मध्येच म्हणाले, की त्या कामगारांचं पण खोटंच असणार, कंपनीनंच छापून आणलं असेल. मी घाबरून त्यांना भूकंपातल्या व्हॅनची आठवण दिली. निदान ती तरी त्यांनी स्वतःच्या हातानं चालवली होती.

“ती नवी असंल,” आबा म्हणाले. “नवी कंची बी गाडी चालती.”

आणि ते उठून जनावरांना पाणी दाखवायला गेले. मी तिथंच बसून रडले. आईला वाटलं, मी गाडीसाठी रडते.

मागच्या महिन्यात लोहाऱ्याहून भंगारवाला आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, पत्र्यावर बोटानं टकटक केलं. सौदा दादानं फोनवर आधीच ठरवला होता. आबा किल्ली घेऊन बाहेर आले, पण ती लगेच दिली नाही. अंगावर तोच इस्त्रीचा शर्ट होता. मी दारात उभी होते, आणि आता काय होणार ते मला कळलं.

“देण्याआधी सांगतो,” आबा त्याला म्हणाले. “हिचा डबा मुळातच खोटा हाय. आमच्या हातनं काय झालं न्हाय. कंपनीच लबाड हाय. पुढं कुणाला हिचा काय बी माल इकलास तर तसं सांगून इक.”

भंगारवाल्यानं मान डोलावली. त्याला पत्रा आणि लोखंड हवं होतं. आबांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि सावलीत येऊन बसले, मनावरचं काही उतरल्यासारखे. आपल्या वडिलांसारखंच त्यांनी गिऱ्हाइकाला तोंडावर खोड सांगितली होती. जन्मभरात त्यांनी सांगितलेली ती एकच खोड खोटी होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज कुठंही अडखळला नाही.