चादरीच्या दोन टोकांची कविता

इस्पितळाच्या धुलाईखान्यात घड्या घालणाऱ्या बाईला सगळे घडीताई म्हणतात. परमुलखातून आलेली, अकरा वर्षं एकाच टेबलापाशी उभी. चादरीची घडी एकटीने नीट पडत नाही, समोर जोडीदारीण लागते. ती इथलीच, उंच, म्हणून लांबडी. दोघी चार पावलं पुढे येतात, कोपऱ्याला कोपरा लागतो, पुन्हा मागे सरतात. वाफ दाटली की बाया दिसेनाशा होतात आणि नुसत्या चादरीच एकमेकींना भेटायला निघाल्यासारख्या वाटतात.

लांबडीच्या तोंडाला कुलूप नाही. पुढे येताना ती आपल्या भाषेत गाऱ्हाणी सांगते: गुडघा, जिना, नवरा. मागे जाताना घडीताई आपल्या घरच्या भाषेत काहीबाही पुटपुटते. लांबडीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कानाला गार वाटतं, म्हणते.

कामगारांच्या कचेरीतर्फे मी तिथे गळक्या नळीची तक्रार लिहून घ्यायला गेलो होतो. मला दोन्ही भाषा येतात, एक आईच्या मारातून, दुसरी रस्त्यावरच्या. दारातच पाय थबकले. लांबडी म्हणाली, नवरा माझ्याशी खिडकीशी बोलावं तसा बोलतो. कोपरे जुळले. मागे सरताना घडीताई म्हणाली, मी रोज एक खिडकी पुसते, पलीकडे माझं गाव उगवलं का बघायला.

नळी राहिली बाजूला. घडीताईला बाजूला घेऊन खोदून विचारलं तेव्हा तिने पिशवीतून वही काढली. एक ओळ लांबडीची, एक तिची, अशी पानंच्या पानं. लांबडीला याचा पत्ता नव्हता.

आमच्या कचेरीने कामगारांचं कवितावाचन ठेवलं होतं. त्यात मी तिचं नाव घातलं. संयोजक मास्तर म्हणाले, कविता एका भाषेत हवी, लोकांचा गोंधळ होतो. माझं टाळकं सरकलं. लोक दिवसभर दोन भाषांत शिव्या खातात, तेव्हा कुणाचा गोंधळ होत नाही, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. मास्तर तासाभराने नमले. मी तुरा खोचूनच घडीताईकडे गेलो.

तिला त्याचं काही नव्हतं. "तुमचं भांडण तुम्ही जिंकलात, बरं झालं," ती म्हणाली. "पण लांबडीच्या घरातलं मी न विचारता उचललंय. अख्ख्या गावात कामावाचून मला हाक मारणारी ती एकच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सांगून टाकलं. चादर दोघींच्या हातात होती. घडीताई आधी लांबडीची ओळ तिच्याच भाषेत म्हणाली, मग आपली, मग तिचा अर्थ. गुडघा आला, जिना आला. खिडकीची ओळ आली तसं लांबडीच्या हातातलं टोक सुटलं. चादर ओल्या फरशीवर पडली, पुन्हा धुवायला गेली. पुढच्या तीन ढकलगाड्यांतल्या कपड्यांच्या घड्या मुकाट्याने पडल्या. घडीताई सांगते, त्या वेळी तिला स्वतःची पावलं ऐकू आली, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

हात धुताना लांबडी बोलली. "गुडघ्याचं काढून टाक. तो आता बरा आहे."

"आणि खिडकी?"

"ती राहू दे. पण माझ्या नवऱ्याचं मी बोलेन. तू कोण लागून गेलीस गं?"

वाचनाला दोघी उभ्या राहिल्या. लांबडी आपल्या ओळी भाजीवाल्याशी भांडावं तशा म्हणाली, घडीताई झोपेत चालावं तशा. मास्तरांनी यादीत दुसरं नाव स्वतःच्या हाताने घातलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पण त्यानंतर एक निराळंच झालं. लांबडी तोलूनमापून बोलू लागली. चादर हातात घेतली की नटून आलेली वाक्यं: आभाळ, चांदणं, मनाचा पक्षी. घडीताई ऐकायची आणि तिच्या ओठांवर काहीच यायचं नाही. वाफेत चादरी येत-जात राहिल्या, कोऱ्याच.

आठवड्याने लांबडी उशिरा आली, पावसाने निथळत. बसवाल्याने थांबा सोडून तिला लांब उतरवलं होतं. चांदणं गेलं उडत. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिने चादरीचं टोक उचललं, चार पावलं पुढे आली. घडीताईने कोपरा कोपऱ्याला लावला, मागे सरली, आणि पुटपुटू लागली.