डब्याच्या टायरला मुशीचं तेल

आमच्या मालगुंडात घोडं पाळणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. भिकाजीभावजी. घराणं खारव्याचं, हाताला लहानपणापासून जाळ्याचे घट्टे. धाकटा भाऊ रावजी वादळात गेला तेव्हा भावजींनी किनाऱ्यावर बसून सांगून टाकलं की यापुढे पाण्यात पाय घालणार नाही. लोकांनी नुसत्या माना हलवल्या. घरचं माणूस गेलं की असं सगळेच म्हणतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा होडी लोटतात. भावजींनी मात्र होडीतला आपला वाटा विकला, कोल्हापूर गाठलं आणि एक बुटकी तांबूस घोडी घेऊन घाट उतरून चालत घरी आले.

माझी बहीण सखू दारातच उभी राहिली. "हिला खायला काय घालायचा? बांगडे?"

भावजी हसले नाहीत. त्यांनी घोडीचं नाव शेवंती ठेवलं आणि जाळी ठेवायच्या खोपीत तिला बांधली.

एरवी ती गणपतीपुळ्याच्या वाळूत यात्रेकरूंची पोरं फिरवायची. लग्नसराईत नवरदेव. आमच्याकडे नवरा घोड्यावर मिरवायची फारशी पद्धत नाही, पण रत्नागिरीतले व्यापारी आणि अलोऱ्याच्या कोयना वसाहतीतले देशावरचे साहेब हौशी. शेवंती वाजंत्र्यांना बुजत नसे, फटाक्यांना बुजत नसे. तिला खपत नसे ते एकच, माशांचा वास. आता मालगुंडात राहून हा नखरा! हाताला वास असला की ओंजळीतले भिजवलेले चणे सोडून ती मान फिरवायची. मग भावजी विहिरीवर जाऊन राखेने हात घासायचे, हुंगायचे, परत घासायचे, आणि मगच तिच्यापुढे ओंजळ धरायचे.

"माज्यासाटी कदी हात धुतला नाय ह्या माणसान," सखू म्हणायची. म्हणायची आणि राख चाळून ठेवायची.

डांबरी रस्त्याने लांब लांब चालून शेवंतीचे खूर झिजायला लागले, तेव्हा भावजींनी लिलावातला एक जुना ट्रेलर आणला. होड्या बांधणाऱ्या सुताराकडूनच त्याला उंच फळ्या ठोकून घेतल्या, आत काथ्याच्या गाद्या लावल्या. गावाने त्याला डबा म्हणायला सुरुवात केली. डबा गंगारामच्या जीपला जोडायचा, शेवंती आत उभी, आणि मी जीपमध्ये मागे साजाचं गाठोडं मांडीवर घेऊन. मेव्हणा असल्याचा एवढा तरी फायदा.

डब्याची काळजी भावजी होडीसारखीच घेत. घेणारच, दुसरं त्यांना काय ठाऊक होतं! पावसाळ्यात आमच्याकडे होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि लाकडाला मुशीचं तेल पाजतात. मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल लावलं की फळी तडकत नाही, किडत नाही. भावजींनी डबाही तसाच शाकारला. आत शेवंतीला वास येऊ नये म्हणून फळ्यांना फक्त बाहेरून तेल लावलं, आणि त्याच फडक्याने टायरही चोळून काढले. दर पावसाळ्यात दोन्ही टायर तेलाने चोपडायचे. डबा धावायचा लग्नसराईपुरता, त्यामुळे टायरची नक्षी जराही झिजली नव्हती आणि तेलामुळे रबर काळंभोर चमकायचं.

"नवे टाकलास वाटतं?" गंगारामने एकदा विचारलं होतं.

"जुनेच हायत. राखायला पायजे," भावजी म्हणाले. त्या दिवशी त्यांची छाती केवढी फुगली होती!

१९८६च्या वैशाखात अलोऱ्याहून बोलावणं आलं. वसाहतीतल्या एका साहेबाच्या मुलाची वरात. आम्ही सकाळीच निघालो. निघण्याआधी गंगारामने हवा भरून घेतली, नट आवळले, स्टेपनी ठोकून पाहिली. भावजींनी टायर ओल्या फडक्याने पुसले. कुणी काही कसर ठेवली असं मला आजही म्हणता येत नाही. जाकादेवी, निवळी, मग महामार्ग. संगमेश्वरला थांबून शेवंतीला पाणी पाजलं. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

संगमेश्वर सोडून आरवलीच्या अलीकडे एक उतार आहे. तिथे मागे बार उडाल्यासारखा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर डबा एका बाजूला झुकून फरफटत येत होता. गंगारामने जीप सावरली, पण डबा गटारात जाऊन कलंडला. फळ्या मोडल्या नाहीत. सुताराचं काम पक्कं होतं. आत शेवंती मात्र आडवी पडली होती, आणि तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

आम्ही फळ्या उचकटून तिला बाहेर ओढली. ती उठायला बघायची आणि पडायची. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला गुरांच्या डॉक्टरकडे निरोप देऊन पिटाळला. भावजी तिच्या मानेवर हात ठेवून बोलत होते, "उगी गो, उगी. डॉक्टर येतोय."

इकडे गंगाराम फुटलेल्या टायरपाशी बसला होता. त्याने तुकडा उचलला, वाकवला, नाकाशी नेला.

"भिकाजी, ह्येला काय लावलास तू?"

"तेल. मुशीचा. दर पावसाळ्यात लावतो."

"अरे मेल्या, तेलान रबर कुजतो! तो काय लाकूड हाय? बघ, आतून सगळा भुसभुशीत झालाय. वरून नुसती चकाकी."

गंगाराम खोटं बोलला नाही. पण त्या घडीला बोलायची काय गरज होती, याचा राग मला अजून येतो. घरी गेल्यावर बोलला असता. कधीच बोलला नसता तरी कुणाचं काय बिघडलं असतं?

भावजी उठून आले. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला. बारीक बारीक भेगा उघडल्या. अंगठ्याचं नख दाबलं तर ते रबरात सहज रुतलं. त्यांनी तुकडा खाली ठेवून पिशवीतले चणे ओंजळीत घेतले, शेवंतीपाशी उकिडवे बसले आणि ओंजळ तिच्या तोंडापुढे धरली.

शेवंतीने हुंगलं आणि मान फिरवली.

तेवढीही ताकद तिच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. भावजींनी ओंजळ नाकाशी नेली. मग इकडेतिकडे पाणी शोधलं. डब्यातला हंडा उलटा झाला होता, वैशाखात ओढ्याला थेंब नव्हता. त्यांनी मातीत हात घासले, धोतराला पुसले, परत ओंजळ धरली. तिने परत मान फिरवली. मला ते बघवेना. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

डॉक्टर आले, पाय पाहिला आणि भावजींकडे न बघता सुई भरायला लागले. घोड्याचा असा पाय जुळत नाही, म्हणाले. भावजींनी एकदाच विचारलं, "झोळी बांधून उभी ठेवली तर?" डॉक्टरांनी मान हलवली. शेवटपर्यंत भावजींनी तिला हात लावला नाही. हात पाठीमागे धरून बसून राहिले. आरवलीकरांनी खालच्या शेतात जागा दिली, तिथे आम्ही तिला पुरली. अलोऱ्याचा नवरदेव मोटारीतून मिरवला म्हणे, आणि वरातही छान झाली.

दुसरी घोडी घ्यायचं नाव कुणी काढलं नाही. पोट कुणाला सुटलंय? नारळी पौर्णिमेनंतर भावजी वरवड्याच्या एका होडीवर खलाशी म्हणून गेले, ज्या पाण्यात पाय घालणार नव्हते त्याच पाण्यात. स्वतःचा वाटा असलेला माणूस परक्याच्या होडीत दोर ओढायला लागला. सखूने त्याबद्दल त्यांना कधी टोचलं नाही, यावरून काय ते समजा.

पाऊस जवळ आला की तिकडे होड्या वर ओढतात. तेल लावायचं काम मालक भावजींनाच सांगतो, कारण त्यांचा हात बारीक आहे, एक फट सुटत नाही. ते मुकाट्याने लावतात. संध्याकाळी घरी आले की खोपीवरून तसेच विहिरीवर जातात आणि राखेने हात घासायला लागतात. हुंगतात, परत घासतात. बोटांची सालं निघेपर्यंत.

सखू पहिल्यांदा ओरडली, "आता कोणासाटी?" भावजींनी आणखी एक मूठ राख घेतली. आता ती विचारत नाही. राख चाळून विहिरीवर ठेवून देते.