कुसाबाईच्या डब्यातली कात

मंगळवार, २९ जुलै २०२५. नागपंचमी. भुरभुर पाऊस. चिरणं-तळणं नाही, दिंड उकडले. कुसाबाई फुलं घेऊन उशिरा आली.

डायरीत एवढं लिहून शरयूबाई थांबल्या. ती उशिरा का आली, ते लिहायला हात धजेना.

कुसाबाई मळ्यातली फुलं इंदिरानगरात घरोघर पोचवी. नवरा लहानू मळ्यातच मोटर चालू करताना शॉक लागून गेला. तेराव्याला मळ्यातल्या खोपीत सापाची अखंड कात सापडली. "मालक कपडे बदलून गेले," असं ती हसत म्हणे. पण ती कात तिनं एका डब्यात जपली होती आणि त्या डब्याला कुणाला हात लावू देत नसे.

आज तोच डबा तिच्या टोपलीत होता; तो खोपीतून आणण्यातच उशीर झाला होता.

"ताई, उद्या माझा पोरगा मोतीराम खोप पाडतोय. म्हणतो, कचऱ्यासंगं हेबी पेटवू. पेटवू देऊ का? आई गोष्ट सांगायची, नवरा दिसा नाग, राती माणूस. सासूनं कात चुलीत घातली, तर जन्मभर माणूसच राहिला."

शरयूबाईंना देवळालीच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर आठवली. तिची गोष्ट त्यांनी कुसाबाईला सांगितली: तीत नवरा दिवसा अस्वल होता. बायकोनं कातडं जाळलं आणि नवरा कायमचा दूरदेशी गेला.

"म्हंजी सासूनं जाळलं तर ऱ्हातो, बायकोनं जाळलं तर जातो?"

"तसंच दिसतंय."

"मी तर दोन्ही हाय की! सुनेची सासू, त्यांची बायको." ती खळखळून हसली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "खरं सांगा ताई. जाळलं तर येत्याल का जात्याल?"

"मला नाही माहीत," शरयूबाई म्हणाल्या. "पण जाळू नकोस. गेले, तर शोधायचं कुठे?"

"मग तुमच्याकडं ठिवा. सून घरात ठिवू द्यायची नाय."

शरयूबाईंनी कपाट उघडलं. आत मिस्टरांचा लोकरीचा कोट, ते गेल्यापासून तसाच टांगलेला. कुसाबाईनं नाक मुरडलं.

"डांबरगोळ्या? अवो, जनावराला हा वास सोसत नाय. येणार कसं माणूस?"

"कोणाचं गं?"

तिनं टोपली डोक्यावर घेतली.

डबा कोटाखाली ठेवून शरयूबाई दार लावू लागल्या, तेव्हा कोटाची बाही हलली. खिडकी तर बंद होती.

संध्याकाळी त्यांनी खाली एक ओळ लिहिली: कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या.