अण्णांच्या नावाचं सॉफ्टवेअर

फजिती ऐकायची असेल तर आधी चहा घ्या, कारण ही माझी आहे आणि मी ती हात राखून सांगणार नाही.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी आणि बायको सुनंदा, दोघांनी मिळून द्राक्षबागेतल्या फवारण्यांचं गणित ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता. सगळ्यांसाठी खुला: फुकट घ्या, वापरा, आत बदलही करा. तेव्हा नाशकात लोक विचारायचे, फुकट देताय म्हणजे त्यात खोट काय?

नाव ठेवायचं माझ्याकडे होतं. नोकरी सोडली तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एक शब्दही न बोलता पुढची खोली आम्हाला मोकळी करून दिली होती. ते उपकार कुठे फेडणार? मी प्रोग्रामला त्यांचंच नाव दिलं, रंगनाथ. वा, काय मुलगा आहे, असं माझं मलाच वाटलं.

सुनंदा मात्र त्याला ‘आपलं ते’ म्हणायची. मला वाटलं, लाडाने म्हणते.

मग पिंपळगाव बसवंतला बागायतदारांचा मेळावा ठरला. तिथे पसंत पडलं तर दोन वर्षांच्या मेहनतीचं चीज, नाहीतर वाटायला नेलेल्या प्रोग्रामच्या सीड्या घरी परत. चार माणसांसमोर माझी दातखीळ बसते, म्हणून बोलणार सुनंदा. अण्णाही सोबत आले होते. बोलली पण काय छान. शेवटी एका शेतकऱ्याने विचारलं, "ताई, समदं पटलं. पर याचं नाव काय?"

सुनंदाने पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इंजिनियर झाली म्हणून काय झालं, सटाण्याची लेक चारचौघांत सासऱ्याचं नाव कसं घेईल?

मी उठलो. तोंड उघडलं, आवाज नाही. मांडवात कुजबुज सुरू. ज्याचं नाव घरचेच सांगेनात, ते बागेत कशाला घालायचं?

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अण्णा उठले. "रंगनाथ नाव हाय. माझंच हाय. सून लाजती."

मांडव हसला आणि सीड्या संपल्या. देव माणूस हो! पण घरी येताना जीपमध्ये त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हणाले, "जिनं काम केलं, तिलाच खाली पाहायला लावलंस. नाव बदल. सुनंदा ठेव. आन सटाण्याला तू बोलायचं."

पुढचा मेळावा सटाण्याचा, म्हणजे माझी सासुरवाडी. अण्णा इथेही समोरच बसलेले. माईक हातात घेतला आणि म्हणालो, "हा प्रोग्राम… म्हणजे आमच्या हिचं…" अण्णांसमोर बायकोला कधी ‘अगं’शिवाय हाक मारली होती का मी?

झालं. सगळा मांडव ओरडायला लागला, "पाव्हणं, नाव घ्या, नाव घ्या!" लग्नात शिताफीने चुकवलेला उखाणा मी कीटकनाशकाच्या फलकाखाली उभा राहून घेतला:

"द्राक्षाच्या वेलाला मांडव तारेचा,
सुनंदाचं नाव घेतो, प्रोग्राम सगळा तिचा."

टाळ्या थांबेनात. सुनंदा डोळे पुसत हसत होती. तिचे आणि अण्णांचे आभार मी आजही मानतो.

पण एक म्हातारे सासुरवाडीकर राहिलेच होते. "प्रोग्राम तिचा, मग पाव्हणं, तुमी काय केलं?"

"नाव दिलं," मी अदबीने म्हणालो.

पुढच्या रांगेतून अण्णा म्हणाले, "तेबी मीच दिलं."