मंगळासाठी आणलेला दगड

सुकलेलं डबकं दिसलं की आमचे विज्ञानाचे सर उकिडवे बसायचे आणि स्कूटरच्या किल्लीनं तळाचा चिखल खरवडायचे. "आदी पानी कुटं थांबलं ते बगा," असं मुलांना सांगायचे. तुम्हीही पाहिलं असेल, माणूस रमला की घरची बोली बोलतो. एरवी सर पुस्तकासारखं बोलत. मंगळाचा विषय निघाला की किनाऱ्यावरचं त्यांचं गाव तोंडात यायचं.

मी बोईसरच्या त्याच शाळेत मराठी शिकवत होते. मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या तर यान कुठं उतरवावं, हा सरांचा लाडका प्रश्न. डोंगरावर नको, वाळूत नको. जुनी नदी तळ्याला मिळाली असेल तिथं. तिथल्या गाळाच्या थरांत सूक्ष्म जीवांचे ठसे टिकले असतील. घरी हिंदी बोलणाऱ्या कामगारांच्या मुलांनाही हे मराठीत तोंडपाठ होतं.

एकदा शिरगावच्या किनाऱ्यावर सरांना एक दगड मिळाला. थराथरांचा, वर बारीक जाळी उमटलेली.

"जीवानूंचा ठसा हाय हा," सर म्हणाले. "मंगळावर असंच शोदायचं." पालघरच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी तो दगड मखमलीवर मांडला.

परीक्षक बाई भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी भिंगातून पाहिलं, दगड उलटा केला आणि हळूच म्हणाल्या, "सर, हे सिमेंट आहे. गोणीत भिजून घट्ट झालेलं. ही जाळी गोणीच्या विणीची."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सरांनी दगडावर रुमाल टाकला.

परतताना जीपमध्ये एका मुलीनं विचारलं, "सर, मंगळावरची आपली नदीची जागा तरी बरोबर हाय ना?" सरांनी रुमालात गुंडाळलेला दगड पिशवीच्या तळाशी सारला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते पुढे आले. "मी चुकलो. मला जे हवं होतं तेच मला दिसलं. मुलांनो, तुम्ही असं करू नका." अगदी शुद्ध बोलले. त्यानंतर मंगळाचं नाव त्यांनी काढलं नाही. निवृत्त झाले आणि कोळगावला मुलीकडे राहायला गेले.

पुढच्या वर्षी शाळेतल्या प्रदर्शनाला मुलांनी त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. फोनवर "येतो" म्हणाले. आम्ही फाटकाशी उभे होतो. रस्त्यापलीकडे रिक्षा थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेले सर उतरले. फाटकावरच्या फलकावर मुलांनी त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते वाचत सर बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग त्यांनी परतीच्या रिक्षाला हात केला.

मुलं हाक मारणार होती. मी ओठांवर बोट ठेवलं.